बुधवारचा उपास

आमच्या आजोबांना बुधवारचा उपास असे. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. पण हा बुधवार कुणाचा, ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. आजी म्हणायची, पांडुरंगाचा असेल. आजोबा हो म्हणत नसत आणि नाहीही म्हणत नसत. साबुदाण्याची खिचडी त्यांना चालत नसे. दिवसभर चहा आणि रात्री मूठभर भाजलेले चणे. चणे उपासाला कसे चालतात, असं कुणी विचारलंच तर म्हणत, "माझ्या उपासाला चालतात."

त्या उपासाकडे परत येईन. आधी पर्वतीखालच्या दोन खोल्यांबद्दल.

२०१७ साली मी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली. पहिला महिना कपाटं आवरण्यात गेला, दुसरा आवरलेली कपाटं उघडून बघण्यात. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी हे सगळं बघत होत्या. एक दिवस म्हणाल्या, "ताई, रिकाम्याच आहात तर माझ्या नातीला जरा गणित दाखवा ना. ती शिस्टरांकडं जाते. तिथं गणिताला कोणीच न्हाई."

'शिस्टर' म्हणजे दोन ख्रिस्ती जोगिणी, नन. थोरल्या सिस्टर श्रीरामपूरकडच्या. त्यांचं मराठी माझ्यापेक्षा रांगडं आणि माझ्यापेक्षा अचूक. धाकट्या फारसं बोलत नसत, पण मुलांच्या डोक्यातल्या उवा आणि मनातली खोटं दोन्ही त्यांना लांबून दिसत. पर्वतीच्या पायथ्याला, जनता वसाहतीच्या गल्ल्या जिथून चढायला लागतात त्याच्या जवळपास, त्यांनी दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. वर पत्रा. सकाळी बालवाडी, संध्याकाळी चार ते सात अभ्यासिका, आणि सहाच्या सुमारास पोटभर काहीतरी: खिचडी, उसळ-पाव, कधी शिरा. मुलं चाळीसेक. आया बहुतेक धुणीभांडी करणाऱ्या. बाप रंगकाम, बिगारी, रिक्षा, मार्केट यार्डात हमाली यांपैकी काहीतरी करणारे, किंवा काहीच न करणारे, किंवा नसलेले.

पहिल्या दिवशी मी भिंती बघत बसले. एका भिंतीवर येशूचं चित्र, त्याला दसऱ्याचा सुकलेला झेंडूचा हार. शेजारी बाबासाहेबांचा फोटो. तो एका आईने आणून दिला होता. नुसता दिला नव्हता, स्वतः खिळा ठोकून लावला होता, येशूच्या बरोबरीच्या उंचीवर. खाली पाढ्यांचा तक्ता. सिस्टरांनी मला चहा दिला.

हे मी मावशीला, म्हणजे माझ्या सख्ख्या मावशीला, फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "चहा घेतलास? बघ हो, ग्रामण्य होईल!" आणि खो खो हसली. ग्रामण्य म्हणजे धर्म मोडला म्हणून पेटलेला वाळीत टाकण्याचा वाद. पुण्यात हा विनोद समजावून सांगावा लागत नाही. निदान तिच्या पिढीपर्यंत तरी लागत नव्हता. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमधल्या एका कार्यक्रमाला शहरातली मोठमोठी मंडळी गेली होती. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. पाद्र्यांनी चहा-बिस्किटं पुढे केली. कुणी प्यायलं, कुणी पेल्याला नुसता हात लावून ठेवला. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, यांनी हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली आणि शहर पेटलं. बहिष्काराच्या धमक्या झाल्या, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, शेवटी रानड्यांनी प्रायश्चित्तही घेतलं. एवढं सगळं एक कप चहासाठी. मी रोज दोन घेत होते, आल्याचा.

पण मावशीच्या हसण्याच्या खाली जो प्रश्न होता तो माझ्याही मनात होता, आणि वस्तीतल्या आयांच्या मनात तर होताच. त्यांनी तो माझ्यापेक्षा सरळ विचारला होता. बालवाडीत नाव घालायला आलेल्या एका बाईने पोराचा हात न सोडता विचारलं, "बाटवणार न्हाई ना?"

सिस्टर फॉर्म भरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अकरा वर्षांत एक पण नाही बाटला. मला वर गेल्यावर याचाच जाब द्यावा लागणार आहे. जन्मतारीख सांग."

बाई हसली. मी हसले नाही. मला वाटलं, हे उत्तर झालं का? प्रार्थना तर रोज व्हायची. डोळे मिटून, हात जोडून, खिचडीच्या आधी. शेवटी मुलं आपणहून शाळेतलं 'वदनी कवळ घेता' जोडायची, आणि ते मात्र खच्चून ओरडून. नाताळात नाटक व्हायचं आणि कुणालाच नाही म्हणायचं नाही म्हणून उरलेल्या सगळ्यांना मेंढरं करायचे. तीस-तीस मेंढरं. बेथलेहेमपेक्षा जेजुरीचा माळ वाटायचा, कारण मेंढपाळांना पागोटं कसं बांधायचं हे एका धनगराच्या पोराने शिकवलेलं असायचं. तरी पण. भुकेलं पोर डोळे मिटून उभं आहे आणि समोर खिचडीचं पातेलं वाफाळतं आहे, या दृश्यात मला काहीतरी खटकायचं. अजूनही खटकतं. ते खटकणं मी सिस्टरांना बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, "मला पण खटकतं. पण मी प्रार्थना न करता जेवू शकत नाही, आणि पोरांसमोर एकटीने करायची म्हणजे चोरून केल्यासारखं होतं."

या शहराने हा वाद फार आधी आणि फार मोठ्या आवाजात घातला आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला आणलं. विधवा मुलींना शिकवणारी ख्रिस्ती बाई. सल्लागार मंडळावर रानडे, भांडारकर. रमाबाई आपल्या खोलीत बायबल वाचायच्या आणि दार उघडं असायचं. मुली येऊन बसायच्या. ते दार हाच वादाचा मुद्दा झाला. 'केसरी'ने झोडपलं, १८९३ मध्ये सल्लागारांनी अंग काढून घेतलं, पालक मुली घेऊन गेले. त्याच वर्षी त्याच सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी धोंडो केशव कर्व्यांनी लग्न केलं आणि १८९६ मध्ये स्वतःचा अनाथ बालिकाश्रम सुरू केला. रमाबाई दुष्काळातल्या मुली गोळा करत केडगावला गेल्या. कोण बरोबर होतं? मला विचाराल तर पुण्याने त्या उघड्या दाराची जेवढी काळजी केली तेवढी त्या मुलींच्या घरच्या बंद दारांची केली असती, तर सदनाची गरजच पडली नसती. पण तेव्हाच्या एखाद्या बापाला आपली मुलगी आपल्यापासून तुटेल ही भीती वाटली असेल, तर ती भीती खोटी होती असंही म्हणवत नाही. काही मुली खरंच ख्रिस्ती झाल्या होत्या.

असो. मी गणित शिकवायला गेले होते. आणि गणितापेक्षा जास्त काम निघालं कागदांचं.

सिस्टरांच्या आतल्या खोलीत एक गोदरेजचं कपाट होतं. त्यात वस्तीतल्या घरांचे कागद, प्रत्येक कुटुंबाची वेगळी प्लॅस्टिकची पिशवी, वर मार्करने आईचं नाव. रेशनकार्ड, जन्मदाखले, जातीचा दाखला, मेलेल्या नवऱ्याचा मृत्यूदाखला. मी आधी लिहिल्याप्रमाणे बँकवाली. मी म्हटलं, हे तर लॉकर झालं. त्याला तसंच कारण होतं. २७ सप्टेंबर २०१८ रोजी सकाळी मुठा उजव्या कालव्याची भिंत जनता वसाहतीजवळ फुटली. अनंत चतुर्दशी होऊन चारच दिवस झाले होते. पाऊस नाही, आभाळ स्वच्छ, आणि दांडेकर पुलाच्या वस्तीत कमरेएवढं पाणी. सिंहगड रस्त्यावर नदी. माणसं बहुतेक कामावर गेली होती. संध्याकाळी येऊन बघतात तर भिंतीच नाहीत. भांडी लोकांनी नंतर दिली, चादरी दिल्या, धान्याची पाकिटं तर इतकी आली की दोन घरांत भांडणं झाली. कागद मात्र कुणी देऊ शकत नव्हतं. पुढचे आठ महिने धाकट्या सिस्टर झेरॉक्सच्या दुकानात, महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात आणि तहसिलात दिसायच्या. तेव्हापासून आयांनी नवे कागद घरी ठेवणं बंद केलं.

मी त्या कपाटासमोर बसून अर्ज भरायचे. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना नावाची सरकारी योजना आहे. आई किंवा वडील गेलेल्या, किंवा सांभाळायची परिस्थिती नसलेल्या घरातल्या मुलासाठी महिन्याला पैसे मिळतात. आधी अकराशे होते, २०२३ पासून २,२५० रुपये झाले. हे पैसे वस्तीतल्या घराला किती मोठे, ते सांगायला नको. पण एका बाईच्या नवऱ्याचं नाव मृत्यूदाखल्यावर एक आणि आधारवर दुसरं, फरक एका वेलांटीचा. ती वेलांटी काढायला आम्हाला सात महिने लागले. या सात महिन्यांत धर्म कुठेच नव्हता. होती फक्त चिकाटी, आणि ती माझ्यात नव्हती. तिसऱ्या खेपेलाच मी खिडकीवरच्या माणसाशी भांडले असते. धाकट्या सिस्टर अकराव्यांदा गेल्या तेव्हा त्याच्यासाठी जांभळं घेऊन गेल्या. मी म्हटलं, ही लाच झाली. त्या म्हणाल्या, "द्रोणभर जांभळं?" काम मात्र त्या दिवशीही झालं नाही.

आता पत्रांबद्दल. हे लिहायला जरा जड जातं.

केंद्राचा बराचसा खर्च परदेशातून येत असे. थेट नाही, एका मोठ्या संस्थेमार्फत. तिथे कुणीतरी एका मुलाचं 'पालकत्व' घेई, आणि वर्षातून दोनदा मुलाने त्यांना पत्र लिहायचं. मराठीत लिहायचं, त्याचा इंग्रजी तर्जुमा मी करायचा. मुलांची पत्रं एका साच्यातून निघत: मी मजेत आहे, तुम्ही कसे आहात, मी रोज तुमच्यासाठी प्रार्थना करतो. रोज कुणी करत नव्हतं. सहावीतल्या एका पोराने मात्र लिहिलं, "तुमचे पैसे आले. दप्तर घेतलं. पण पप्पा तसाच आहे."

मी शेवटचं वाक्य गाळलं. त्या दूरच्या म्हातारीला, ती म्हातारी होती, फोटो होता तिचा, कशाला उगाच त्रास? शिवाय, खरं सांगते, ते कृतघ्नपणाचं वाटलं मला. दप्तर मिळालं ना तुला?

पोराने माझ्याकडून इंग्रजी वाचून घेतलं. इंग्रजी त्याला येत नव्हतं, पण ओळी मोजता येत होत्या. "माझी तीन हाय, तुमची दोनच." त्याने सिस्टरांना जाऊन सांगितलं. सिस्टरांनी मला बाजूला बोलावलं, रागावल्या नाहीत. "घाला ते वाक्य. त्याने दिलेली वस्तू ती एवढीच आहे."

त्या रात्री मला आजोबांचा उपास आठवला.

आजोबा बारा वर्षांचे असताना, १९३० च्या सुमारास, रत्नागिरीकडून शिकायला पुण्याला आले. एका लांबच्या नातेवाइकाच्या जिन्याखाली अंथरूण, आणि जेवायला वार. आताच्या मुलांना हे सांगावं लागतं: गरीब विद्यार्थ्याने सात घरं धरायची, प्रत्येक घरी आठवड्यातला एक दिवस जेवायचं. त्यांच्या तोंडून तो काळ आम्ही गंमत म्हणूनच ऐकला. "सोमवारी मी शुक्रवारात जेवायचो, गुरुवारी नारायणात, आणि रविवारी शनिवारात." पेठांच्या नावांवरची ही कोटी ते प्रत्येक नव्या सुनेला ऐकवत. पुढचं ते सांगत नसत. ते मला आत्याने सांगितलं, आजोबा गेल्यावर.

बुधवारचं घर सदाशिव पेठेत होतं. पुण्यवान घर. वर्षाला पाच विद्यार्थी जेवू घालणारं. एका बुधवारी आमटी अळणी होती. पोरगं नवं होतं, घरी आईला म्हणायचं तसं म्हणालं, "काकू, मीठ राहिलंय." काकूंनी मीठ वाढलं. काही बोलल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात दारातच निरोप मिळाला की आता बुधवारी घरी पाहुणे असतात. दुसरा बुधवार काही मिळाला नाही. मॅट्रिक होईपर्यंत, म्हणजे पाचेक वर्षं, बुधवारी चणे आणि नळाचं पाणी. पुढे नोकरी लागली, घर झालं, रोज चारी ठाव स्वयंपाक असायचा. आणि आयुष्यभर पानात पडेल ते, खारट असो की करपलेलं, ते एक शब्द न बोलता जेवले. आजी वैतागायची, तुम्हाला चवच नाही म्हणायची.

यात अजून एक गोष्ट आहे जी आमच्या घरात कुणी उच्चारत नाही. तो अळणी वारसुद्धा फक्त ब्राह्मणाच्या मुलाला मिळत होता. पर्वतीच्या पायथ्याचा रमणा घ्या. पेशवाईत श्रावणात तिथे हजारो ब्राह्मणांना आत घेत आणि बाहेर पडताना एकेकाच्या हातावर दक्षिणा ठेवत. त्याच डोंगराखाली आज ज्यांची पत्र्याची घरं आहेत त्यांच्या पूर्वजांना त्या आवाराच्या दाराशीही कुणी उभं केलं नसतं. त्यांच्या पोरांसाठी या शहरात जे काही उभं राहिलं ते फुल्यांनी केलं, मिशनवाल्यांनी केलं, प्रार्थना समाजाच्या विठ्ठल रामजी शिंद्यांनी अहल्याश्रमातून केलं. नंतर १९७४ मध्ये हमाल पंचायतीने 'कष्टाची भाकर' काढली आणि एक वेगळंच उत्तर दिलं: ना देव ना दाता, परवडेल असा दर लावा आणि ताठ मानेने जेवा. मला ते उत्तर सगळ्यात आवडतं. पण सात वर्षांच्या पोराकडे दर कुठून येणार.

२०२० च्या सप्टेंबरात परदेशी देणग्यांचा कायदा बदलला. एका संस्थेने आलेली परदेशी रक्कम दुसऱ्या संस्थेला द्यायची नाही, असं झालं. आमचे पैसे ज्या मोठ्या संस्थेमार्फत यायचे तिचे हात बांधले गेले. एकीकडे करोना, शाळा बंद, चाळीस पोरांत मिळून सात मोबाइल. आणि दुसरीकडे खात्यात भाडं भरण्यापुरते पैसे. पत्रं थांबली. त्या सहावीतल्या पोराच्या तीन ओळींना उत्तर आलं होतं, बरं का. तिने लिहिलं होतं की तिचा नवराही तसाच होता. त्यानंतरचं पत्र कधी आलं नाही.

अभ्यासिका पुन्हा सुरू झाली तेव्हा खिचडी कुठून आणायची हा प्रश्न होता. बोलता बोलता मी सिस्टरांना वार लावून जेवण्याची पद्धत सांगितली. आजोबांचा बुधवार नाही सांगितला, नुसती पद्धत. सिस्टरांनी तिथल्या तिथे पाढ्यांच्या तक्त्याखाली खडूने सहा वार लिहिले. सोमवार एका फरसाणवाल्याने घेतला. मंगळवार वस्तीतल्या गणेश मंडळाने, वर्गणीतून उरलेल्या पैशांतून. अट एकच, की मोदकाच्या दिवशी मोदक. गुरुवार सहकारनगरातल्या एका भजनी मंडळाने. शनिवार सिस्टरांच्या चर्चमधल्या बायकांनी. शुक्रवार बराच काळ रिकामा होता. मग पोळ्यावाल्या मावशी आल्या आणि म्हणाल्या, शुक्रवार आमच्या गल्लीचा. पाच घरांत मिळून. मी चटकन म्हणून गेले, "अहो मावशी, तुम्ही कशाला?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की ते वाक्य मला अजून गिळता आलेलं नाही.

बुधवार मी घेतला.

चार किलो तांदूळ, दीड किलो मुगाची डाळ, शेंगदाणे, हळद, फोडणीला जिरं आणि कढीपत्ता. मोठं पातेलं केंद्रातच आहे. मी दुपारी तीनला जाते आणि धाकट्या सिस्टर कांदा चिरून देतात. प्रार्थना होते, मी डोळे उघडे ठेवून डाव धरून उभी असते. मग 'वदनी कवळ घेता', पत्रा हादरेल इतक्या जोरात. मग मी वाढते.

मागच्या महिन्यात मावशींची नात, आता नववीत आहे, लहान मुलांना वाढायला माझ्या मदतीला आली होती. पंगत उठल्यावर आम्ही दोघी जेवायला बसलो. तिने पहिला घास घेतला, जरा थांबली, आणि ताटाकडे बघत म्हणाली, "ताई, रागावू नका. पण बुधवारची खिचडी कायम अळणी असते. सगळेच म्हणतात."

"सगळे म्हणतात? कधीपासून?"

"पहिल्यापासून. शुक्रवारची भारी असते."

पुढच्या बुधवारी मी दीड मूठ मीठ जास्त घातलं. पहिली पंगत बसली, मी दारात उभी राहून तोंडं बघत होते. बालवाडीतलं एक चिमुरडं पोर ताट घेऊन माझ्याकडे आलं.

"खारट," ते म्हणालं, आणि ताट पुढे केलं. "अजून वाढा."